टरफलांचा खडू

कलासमीक्षक डॉक्टर बार्सेनासांनी हातातली वेताची छडी चित्रातल्या बाईच्या उजव्या खांद्यावर टेकवली, आणि ती माझ्याच खांद्यात रुतल्यासारखी मी एक पाऊल मागे सरले. माझी टाच मागे उभ्या असलेल्या कुणा बाईसाहेबांच्या बुटावर पडली. "अहो, पाय आहे माझा!" त्या फिसकारल्या. मग माझ्या डोक्यावरचा पांढरा रुमाल आणि त्याखालचा माझा काळा रंग पाहून शेजारणीला म्हणाल्या, "हल्ली कुणालाही आत सोडतात." मी मान खाली घालून माफी मागितली. माफी मागायला मला जड जात नाही. माझा दिवसच माफीनं सुरू होतो: उंबऱ्यावर तीनदा पाणी शिंपडायचं, दुसरा कुठलाही शब्द तोंडातून निघायच्या आत आमच्या घरच्या मेलेल्यांची नावं घ्यायची, आणि जी विसरली असतील त्यांची क्षमा मागायची. मग फळीवरच्या पेल्यातलं पाणी बदलायचं. तीस वर्षांत हा नेम एकदाही चुकलेला नाही. तर मी माफी मागितली आणि पुन्हा त्या खांद्याकडे पाहिलं. तो डाव्या खांद्यापेक्षा दोन बोटं खाली होता.

"आणि आता इथं पाहा," डॉक्टरांची छडी खाली घसरली. "सगळं चित्र खच्चून भरलंय. ऊस, पानं, गुडघे, शिंगं, काळोख. आणि मधोमध ही बाई मात्र कोरी! हिला रंगच लावलेला नाही. खालचा सामान बांधायचा तपकिरी कागद तसाच सोडून दिलाय. मंडळी, या माणसानं अकरा वर्षांत पांढऱ्या रंगाला हात लावलेला नाही. मी त्याची पन्नासेक चित्रं जवळून तपासली, एक ठिपका सापडला नाही. का?" शाळामास्तर थांबतात तसे ते थांबले. "युरोपातलं युद्ध! त्यानं शहरं जळताना पाहिली, आणि उजेडावरचा त्याचा विश्वास उडाला. त्यात पॅरिसच्या गुरूंनी दिलेली रिकाम्या जागेची जाण मिळवा..." कुणीतरी हलकेच 'वा' म्हणालं. मला हसू आलं ते मी रुमालाच्या टोकानं पुसलं. का ते मला ठाऊक होतं. त्याचा पांढरा मी बंद केला होता. मी, दोमितिला, खाडीपलीकडच्या रेग्लात तेलाच्या टाक्यांमागच्या गल्लीत राहणारी, लोकांचे कपडे धुणारी. देवाच्या कवड्यांच्या तोंडी माझे शब्द घालून, खोटं बोलून.

दर वर्षी हवानात तेयोच्या चित्रांचं प्रदर्शन भरतं आणि दर वर्षी मी होडीनं खाडी ओलांडून येते. नवस फेडायला यावं तशी. कुणाला सांगत नाही. शेजारच्या नेमेसियाला सांगते, मेणबत्त्या आणायला चालले. दालनात शिरायचं, डाव्या भिंतीपासून एकेक चित्र पाहत जायचं, पांढरा कुठं नाही याची खात्री करायची आणि परतीच्या होडीत बसायचं. घरी आल्यावर त्या दिवशी जेवण गोड लागतं. मीठ न घातलेला मलांग्याचा कंदसुद्धा. असं दहा वर्षं चाललं. यंदा ही बाई समोर आली.

आईचा उजवा खांदा उतरला होता तो इस्त्रीनं. निखाऱ्यांची इस्त्री, दिवसाला तीस-तीस सुती सूट, गोऱ्या वकिलांचे आणि बोटीवरच्या अधिकाऱ्यांचे. त्रांकिलिनाच्या हातचा कपडा उभा राहतो, असं लोक म्हणायचे. ती दिवसभर दुसऱ्यांचं पांढरं करायची, आणि गुरुवारी स्वतः पांढरं घालून मागच्या खोलीत देवाला बसायची. गल्लीतली माणसं दुखणी घेऊन यायची, कौल लावायला यायची. गल्लीतल्याच तेयोची आई क्षयानं गेली, बाप गोदीत पोती वाहायचा, म्हणून सहा वर्षांच्या तेयोला आईनं धर्माचा मुलगा म्हणून घरात घेतलं. तेव्हा मी नऊ वर्षांची. त्या दिवसापासून माझ्या वाट्याला टरफलं आली. शेजारपाजारच्या घरांतून अंड्यांची टरफलं गोळा करायची, धुवायची, आतला पापुद्रा नखानं सोलायचा, पत्र्यावर वाळवायची आणि दगडी खलात घालून पीठ होईपर्यंत वाटायची. त्या पिठात थोडं पाणी घालून कागदाच्या नळीत दाबलं की देवाच्या कामाचा खडू होतो. बोटांची सालं निघायची. खडू वाळला की आई तो हातात घ्यायची, उन्हाकडे धरून पाहायची, "चांगला झालाय हं," म्हणायची, आणि तेयोच्या हातात द्यायची.

मागच्या खोलीचं दार नेहमी अर्धं लोटलेलं असे. खल घेऊन मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायची, तिथून मला फक्त त्यांच्या पाठी दिसायच्या. जमिनीवर ओणवी झालेली आई, उजवा खांदा उतरलेला, आणि तिच्या कुशीत तेयो. त्याच्या मुठीत माझा खडू आणि त्याच्या मुठीवर तिची मूठ. जमिनीवर रेघा उमटायच्या, वर्तुळं, बाण, डोळे. "हात सैल सोड, माझ्या राजा. रेघ तुला ओढत नेईल." माझ्या राजा! मला ती 'अगं' म्हणायची. एकदा मी विचारलं, "मला पण शिकव ना." आई हसली. "तुझा हात वाटायला चांगला आहे. ज्याला जे." तिच्या मनात काही नव्हतं, मी शपथेवर सांगते. पण मी ते वाक्य उचललं आणि ठेवून दिलं, जपून, चांगलं कापड ठेवावं तसं, पुढे कधीतरी लागेल म्हणून.

तेयो विसाव्या वर्षी चित्रकला शिकायला शिष्यवृत्तीवर युरोपात गेला. पहिली तीन वर्षं पत्रं आली, मग नाताळची कार्डं, मग काही नाही. तेरा वर्षांनी आई आजारी पडली. चार महिने तिचं अंग पुसलं मी, तिची घाण काढली मी, चमच्यानं पेज भरवली मी. शेवटच्या दुपारी तिनं डोळे उघडले, माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "तेयो आला का?" तेच तिचं शेवटचं. मी तिचे डोळे मिटले आणि म्हटलं, "आला, आई." हे माझं पहिलं खोटं. देवानं त्याचा हिशेब धरला नसावा असं मला वाटतं. मग युद्ध भडकलं, बोटी भरभरून माणसं परत यायला लागली, आणि एका बोटीतून तेयो उतरला. मोठा माणूस होऊन. वर्तमानपत्रात त्याची मुलाखत छापून आली, ती मी आईच्या पेल्यासमोर बसून मोठ्यानं वाचली, तिला ऐकू जावी म्हणून. तुम्ही कुणाकडून शिकलात? त्यानं पॅरिसची पाच नावं घेतली, माद्रिदचं एक. आणि लहानपणी, रेग्लात? "रेग्लात काय होतं," तेयो म्हणाला होता, "डांबर, खेकडे आणि कोळशाची राख." मी पेपरची घडी केली. मला राग आला नाही. राग येतो आणि जातो. जे आलं ते शांत होतं, थंड होतं, सकाळच्या पेल्यातल्या पाण्यासारखं, आणि ते मी रोज बदलून ताजं ठेवलं.

मला फार वाट पाहावी लागली नाही. महिन्याभरात तो माझ्या दारात उभा. हात थरथरत होते, डोकं फुटत होतं, सहा महिने झोप नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरांना काही सापडेना. "दोमी, मला देवाच्या पायाशी बसव. तुझ्याशिवाय मला कोण आहे?" आई गेल्यापासून तिची देवाची खोली मीच चालवत होते. मी बसवलं. सात दिवसांची दीक्षा. त्याचं डोकं मी भादरलं, मी धुतलं, चटईवर बसवून मी जेवू घातलं. त्या विधीनं मी त्याची धर्ममाय झाले. त्याच्या डोक्याचा धनी, म्हणजे त्याला सांभाळणारा देव, निघाला आमचा पांढरा बाप, ओबाताला. तिसऱ्या दिवशी कवड्यांचा कौल घेतात. त्या दिवशी जी बंदी सांगितली जाते ती जन्मभराची, ती मोडली तर देव पाठ फिरवतो. खोलीत आम्ही तिघंच होतो: चटईवर तो, कवड्या टाकणारी मी, आणि वहीत कौल लिहून घ्यायला नेमेसिया, जी आई गेल्यावर मातान्सासहून गल्लीत राहायला आली होती आणि जिला त्या कवड्यांची भाषा कळत नव्हती. मी सोळा कवड्या टाकल्या. आठ तोंड वर करून पडल्या. आठ म्हणजे बापाचा स्वतःचा आकडा, याहून चांगलं काही पडत नाही. आठ सांगतात, या माणसाला पांढऱ्यानं झाकून ठेवा, त्याला पांढरा अंगाखांद्यावर लाभेल, हाताला लाभेल. मी कवड्यांकडे बराच वेळ पाहिलं. त्याचे भादरलेल्या डोक्याखालचे मोठे मोठे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. मग मी माझ्या रोजच्या आवाजात, ज्या आवाजात मी प्रार्थना म्हणते त्याच आवाजात सांगितलं, "अंगावर जन्मभर पांढरंच घाल. पण पांढरा रंग हातानं लावू नकोस. पांढरा बापाचा. तो विकायचा नसतो." नेमेसियानं पेन थांबवलं. "असं कधी ऐकलं नाही बाई." "तू लिही," मी म्हटलं. तेयोनं कपाळ जमिनीला टेकलं. त्याची थरथर आठवड्यात थांबली, आणि मला वाटलं, घेतला मी माझा पांढरा परत. सगळी टरफलं, सगळी सालं, सगळ्या दुपारी.

"धर्ममाय!" दालनाच्या दुसऱ्या टोकाकडून हाक आली. तोच होता. सूट पांढरा, बूट पांढरे, टोपी पांढरी. माणसं बाजूला झाली. डॉक्टर बार्सेनास मिस्कील हसून म्हणाले, "आले आमचे चित्रकार! सगळा पांढरा परटाकडे देऊन टाकलाय यांनी, चित्रांना काही उरत नाही." लोक हसले. तेयोनं टोपी काढून त्यांच्याच हातात दिली, माझ्यापाशी आला आणि संगमरवरी फरशीवर पालथा झोपला. लांबलचक, हात अंगाशी, कपाळ माझ्या फाटक्या बुटांपाशी. दीक्षा घेतलेला धर्ममायला भेटतो तेव्हा असंच भेटतो, पण ते आमच्या खोल्यांतून, आमच्या चटयांवर. इथं भर दुपारी, प्रादो रस्त्यावरच्या दालनात, कधी कुणी झोपलं नव्हतं. "अहो, हे काय चाललंय?" डॉक्टर पुटपुटले, "पत्रकार आहेत इथं." मघाच्या बाईसाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. मी मुद्दाम घाई केली नाही. त्यांना नीट पाहू दिलं. मग वाकून त्याच्या दोन्ही खांद्यांना बोटं लावली, आशीर्वाद पुटपुटले आणि त्याला उठवलं. त्याच्या सुटाच्या पुढच्या बाजूला धुळीचा पट्टा उमटला होता. धुणारणीचा हात माझा, तो झटकायला आपोआप पुढे झाला, तो मी मागे घेतला.

"ही माझी धर्ममाय," तेयोनं डॉक्टरांना सांगितलं, आणि मला दंडाला धरून त्या चित्रासमोर नेलं. बाकीचे अदबीनं की भीतीनं कोण जाणे, लांब राहिले. "दर वर्षी येतेस आणि न भेटता जातेस. रखवालदार सांगतो मला. यंदा सोडणार नव्हतो." कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं एक वही थोडी वर काढून दाखवली. नेमेसियाच्या अक्षरातली ती वही, कडा झिजलेल्या. "अकरा वर्षं, दोमी. एक ठिपका नाही. हे विद्वान लोक काय काय सांगतात! मी ऐकून घेतो. कवड्यांचं यांना कशाला सांगू?" त्याचा आवाज लहान मुलासारखा खाली आला. "मला एकच चित्र काढायचं होतं गं. पॅरिसहून आलो तेव्हापासून. पण जन्मभर पांढऱ्यात वावरलेली बाई पांढऱ्याशिवाय काढायची कशी? तीन वर्षं कागद फाडले. मग सुचलं, तिला काढायचंच नाही. तिच्या भोवतीचं सगळं काढायचं, अगदी तिच्या कडेपर्यंत, आणि तिथं थांबायचं."

मी चित्राकडे पाहत राहिले. आता जवळून दिसत होतं, ती ओणवी होती. मूठ जमिनीकडे. तिच्या मुठीत काय आहे ते दाखवलं नव्हतं, पण मुठीच्या खाली काळ्यात एक रेघ कोरी सुटली होती, खडूच्या जाडीची. माझ्या बोटांची टोकं चुरचुरली. चित्राखाली पितळेची पट्टी होती, तिच्यावर फक्त 'चित्र, १९५२'.

"नाव का नाही लिहिलं?" मी विचारलं.

"कसं लिहू? तिनं शपथ घातली होती ना." त्याला नवल वाटलं. "मी चौदाचा असेन. त्या सालात पोलीस घराघरांतून देवाचे ढोल उचलून न्यायचे, बायकांना झिंज्या धरून ओढायचे. तिनं मागच्या खोलीत मला बसवलं, तोंडात खडूचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, बाहेरच्या माणसासमोर माझं नाव घ्यायचं नाही, या घरात काय पाहिलंस ते सांगायचं नाही. मी जिवंत असेन तेव्हा नाही, मेल्यावरही नाही. पेपरवाल्यांनी खोदून खोदून विचारलं, काय वाटेल ते सांगून वेळ मारून नेली. तुलाही घातलीच असेल की तीच."

मला घातली नव्हती. खाडीवरून येणारा वारा दालनाच्या उंच खिडकीतून आत आला, आणि त्यात डांबराचा वास होता. अकरा वर्षं मी जे पाणी ताजं ठेवलं होतं त्याचा पेला, आत्ता मला दिसलं, रिकामाच होता; तो तिला विसरलाच नव्हता. मला वाटलं, आता मी रडेन, आता सगळं सांगेन, आठ पडले होते तेयो, आठ. पण पाण्याच्या जागी दुसरंच काहीतरी वर चढत होतं. त्याला शपथ. त्याला गुपित. त्याच्या जिभेवर खडू ठेवला, आणि तो खडू वाटला कुणी? मला शपथ घालण्याचीसुद्धा तिला गरज वाटली नाही. मी कुणासमोर तोंड उघडेन, माझं कुणी ऐकून घेईल, असं तिच्या मनातही आलं नसेल. उंबऱ्यातून मला परत त्या दोन पाठी दिसल्या आणि अर्धं लोटलेलं दार.

"दोमी," तो म्हणत होता, "तिनं फोटो कधी काढू दिला नाही. तिला जवळून पाहिलेलं आता कुणी उरलं नाही, तू आणि मी सोडून. आणि माझी आठवण कच्ची, मी वीस वर्षांचा गेलो. तू शेवटपर्यंत होतीस. खरं सांग. ही ती आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"आई नाही ही. आईचा खांदा असा उतरलेला नव्हता. ताठ होती ती." माझा आवाज स्थिर होता, कौल सांगताना असतो तसा. "दुसरी कुणी असेल. तिकडची."

त्यानं चित्राकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे, उलटसुलट करून, हरवलेली वस्तू पाहावी तसं. "मला वाटलं, एक खांदा तरी..." मग हसला, ओठाच्या एका कोपऱ्यानं. लहानपणी खडू मोडला की असाच हसायचा. "तुझ्या तोंडून आलं म्हणजे संपलं. खोटी बाई तिच्या जागी भिंतीवर ठेवायची म्हणजे पापच. पाचला दालन बंद होतं. तेव्हा उतरवतो आणि तिथंच काळा ओढतो. कागद चांगला आहे, फेकवत नाही." "तुझी मर्जी," मी म्हटलं. त्यानं निरोपाला पुन्हा गुडघे टेकायला सुरुवात केली. मी त्याला थांबवलं नाही.

घरी पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. नेमेसिया दारातच मलांगा सोलत बसली होती. "आणल्यास मेणबत्त्या?" "संपल्या होत्या." "दर वर्षी बरोबर याच महिन्यात संपतात, नाही?" ती डोळे बारीक करून हसली. "अगं, तुझा चेहरा असा का झालाय? कुणी वारलं का?" "नाही," मी म्हटलं, "अजून नाही," आणि आत आले. हात धुतले. फळीवर आईचा पेला होता, सकाळचंच पाणी, त्यात एक बुडबुडा काचेला चिकटलेला. मी समोर बसले आणि रोज जशी हाक मारते तशी मारली, त्रांकिलिना. रोज नावामागून चेहरा येतो, मिटलेले ओठ, हनुवटीवरचा तीळ. आज आला तो तपकिरी कागद. चेहऱ्याच्या जागी कोरा कागद आणि त्याच्याखाली उतरलेला उजवा खांदा, दोन बोटं, अगदी बरोबर दोन बोटं. मी डोळे उघडले, मिटले, तीळ कुठल्या बाजूला होता ते आठवायचा प्रयत्न केला. कागद हलेना. तिला जिथं जायचं होतं तिथं ती गेली होती. तिथंही त्याच्याकडेच.

धक्क्यावर चारच्या होडीचा भोंगा वाजला. मी कोपऱ्यातला खल ओढला. पत्र्यावर आठवड्याची टरफलं वाळून कडक झाली होती, ती मूठभर आत टाकली आणि वाटायला लागले. होडीला पलीकडे पोचायला दहा मिनिटं लागतात, दालनापर्यंत चालत वीस. साडेचारची होडी धरली तरी पाचला मी दारात असेन. तो तेव्हा शिडीवर चढलेला असेल. 'तीच आहे', एवढे दोन शब्द पुरतील. आठांचं सांगायचीसुद्धा गरज नाही. मी हे सगळं नीट मनात मांडलं, आणि बत्ता फिरवत राहिले. पहिल्यांदा टरफलं करकरतात, मग वाळूसारखी खसखसतात, मग आवाजच राहत नाही. तेव्हा समजायचं, झालं. मी ते पीठ बोटांवर घेतलं, ओलं केलं आणि खलाशेजारी जमिनीवर एक रेघ ओढून पाहिली. खांद्याची. हात सैल सोडला. रेघेनं मला कुठंही ओढून नेलं नाही. ती तिथंच राहिली, आखूड, जाडीभरडी, काहीच नसलेली, आणि मी ती रुमालाच्या टोकानं पुसून टाकली.

"दोमितिला," नेमेसियानं बाहेरून विचारलं, "मी पलीकडे जातेय साडेचारच्या होडीनं. येतेस का? मेणबत्त्या बघू दुसरीकडे."

धक्क्याचा भोंगा वाजायला लागला. त्याचा आवाज लांब असतो, एक माणूस सहज उठून, चपला घालून, गल्ली ओलांडून जाऊ शकेल इतका लांब.

"तू जा," मी म्हटलं. "माझी टरफलं राहिलीत अजून."